व्हर्नाच्या एडक्याची काडतुसं

तिसरी गोळी कुठे गेली, तेच लाईलला दिसेना.

तिपाईवरच्या दुर्बिणीला त्यानं डोळा लावला, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा डोळा लावला. शंभर यार्डांवरच्या कागदावर दोन छिद्रं होती, थंडीत बिलगून बसलेल्या दोन चिमण्यांसारखी. तिसरं कुठेच नव्हतं. वाऱ्यावर ढकलावं तर गवताचं पातंही हलत नव्हतं, आणि मोंटानाच्या या डोंगरपायथ्याशी वारा पडलेला असणं हीच केवढी मेहेरबानी.

"अख्खा कागदच चुकला की," हॉयट मागून म्हणाला. आवाजातला आनंद लपवायची त्यानं काही खटपट केली नाही.

 व्हर्नानं रायफलचा सरकता बोल्ट मागे ओढून उघडा ठेवला, रिकामी पुंगळी उचलून टोपीत टाकली, वाळूच्या पिशवीवर टेकवलेल्या रायफलच्या दस्त्यावरून गाल उचलला आणि कानांवरचे पट्टे गळ्यात घेतले. पासष्टीला आलेली बाई. पण चाप ओढताना तिची पापणी लवत नाही. गोळी भरकटली असती तर ते सगळ्यांआधी तिला कळलं असतं. लाईलला आपल्या बायकोचं एवढं तरी ठाऊक होतं.

कागदापर्यंत जाणं त्याच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. उभी हयात गव्हाच्या कोठारात गेली, तिथली धूळ छातीत घर करून बसली, आता चार पावलं भराभर टाकली की छाती भात्यासारखी वाजायची. म्हणून हॉयट गेला. हे रानही हॉयटचं, टेबलही हॉयटचं, आणि लाईलची चूक दिसली की होणारा आनंदही शाळेपासून हॉयटचाच.

तो कागदापाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग त्यानं कागद सोडवला आणि काठोकाठ भरलेली बशी आणावी तसा दोन्ही हातांत जपून आणला.

दोन छिद्रंही नव्हती ती, कडेला कडा लागून एकच झालं होतं, तिपानी गवताच्या पानाएवढं. तिसरी गोळी पहिल्या दोघींच्या दारातून आत गेली होती.

"हे चर्चमध्ये लाव," हॉयट म्हणाला. "रविवारी पास्टरला प्रवचन करायला नको."

लाईल हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबायच्या आत परत हसला. असा कागद त्याच्याही आयुष्यात कधी झाला नव्हता. त्याला वाटलं, हा कागद घडी न घालता घरी न्यावा. ट्रकमध्ये मागे ठेवला तर उडेल, म्हणून मांडीवर धरून न्यावा.

हा सगळा खटाटोप एका एडक्यासाठी होता. डोंगरी एडका, डोक्यावर वळसा घेतलेल्या शिंगांचा, कड्यांवर राहणारा. त्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत निघतो. इकडे माणसं लग्नाआधी अर्ज करायला लागतात आणि नातवंडं झाली तरी करतच असतात. व्हर्नाचं नाव यंदा जूनमध्ये निघालं. ती ओव्हनमध्ये भाजायचं रुबार्बचं पाय करत होती, तशीच पिठाच्या हातांनी, अनवाणी, लाईलच्या शेडपर्यंत धावत गेली. त्यानं तिला उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तर दोघं एकमेकांना धरून नुसतेच गोल फिरले. मग त्याची नजर खिडकीतून डोंगराकडे गेली आणि तिथंच अडकली. व्हर्नानं ते पाहिलं. हॉयट खेचरं घेऊन तिच्याबरोबर जाईल हे त्याच दिवशी ठरलं, आणि ते ठरवलं लाईलनंच.

"मी काही वर येत नाही," तो तेव्हा म्हणाला होता. "पण माझ्या हातची काडतुसं येतील."

व्हर्ना हो म्हणाली, पण तिनं एक अट घातली. तिला देखणं काडतूस नको होतं, भरवशाचं हवं होतं. एडका जखमी होऊन कड्याखाली कुठंतरी तडफडत मेला, तर ती पुन्हा रायफलीला हात लावणार नव्हती. म्हणून तिनं शहरातल्या दुकानातून तयार काडतुसांची एक पेटी आणून ठेवली, फ्रिजवर, ब्रेडच्या डब्याशेजारी. शनिवारी दुपारी खेचरं निघणार. तोवर लाईलच्या काडतुसांनी मन जिंकलं तर ती जातील, नाहीतर पेटी जाईल. तिनं हे प्रेमानंच सांगितलं होतं. पण त्या उन्हाळ्यात दूध काढायला फ्रिज उघडताना लाईलनं एकदाही वर पाहिलं नाही.

तो शेडमध्येच रमला. काडतुसं भरायच्या दाबयंत्राचा दांडा खाली, दांडा वर. पितळी पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी बसायची, काट्यावर दाणा दाणा तोललेली दारू आत जायची, वर गोळी. जात्यावर बसलेल्या बाईसारखा त्याचा हात लयीत चालायचा, आणि लयीबरोबर तोंडात दोन ओळी यायच्या. कधी जुळवल्या होत्या ते त्यालाही आठवत नव्हतं.

टोपी आधी, दारू मग,
गोळीबाई, डोकावून बघ.

आणि गोळी डोकावायची. यंदा तर चांगलीच डोकावत होती. नळीच्या आत पीळ घातलेले आटे असतात, गोळीला गिरकी देणारे. गोळी पुंगळीत कमी खोल बसवली, इतकी लांब ठेवली की बोल्ट बंद होताच तिचं नाक त्या आट्यांना टेकेल, तर ती डगमगायला जागाच उरत नाही. सुटते ती सरळ. गेली कित्येक वर्षं लाईल टेबलावर बसून कागदच मारत आला होता, आणि कागदासाठी याहून चांगली युक्ती नाही. काडतूस एवढं लांब झालं की ते रायफलच्या पोटातल्या कप्प्यात मावत नव्हतं, एकेक करून हातानं नळीत सारावं लागत होतं. पण टेबलावर घाई कुणाला असते?

आता तोच फाटका, सुंदर कागद व्हर्ना हातात घेऊन बघत होती. छान झालंय, म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. मग म्हणाली, एडका या टेबलापुढे येऊन उभा राहणार असता तर मी आत्ताच निघाले असते. तिला आता डोंगरावर करतात तसं करून पाहायचं होतं. चालून, दम लागलेला असताना, गवतात पालथं पडून. कुंपणापलीकडच्या कुरणात हॉयटनं साखळ्यांना लोखंडी पत्रा टांगला होता, एडक्याच्या छातीएवढा. त्याच्यावर.

लाईलची ना नव्हती. उलट त्याला उधाण आलं होतं. पत्र्याचा टण्ण असा आवाज आत्ताच त्याच्या कानात वाजत होता.

ती चढ चढून गेली. हॉयटनं ट्रक हळूहळू तिच्या मागे नेला, शेजारी लाईल, मांडीवर कागद. काचेपुढे दुकानातली पेटी पडलेली. व्हर्नानं ती सकाळीच तिथं आणून टाकली होती. चढावर ती पालथी पडली, काडतूस नळीत सारलं, बोल्ट बंद केला. श्वास खाली बसू दिला. आणि नेमकी त्याच वेळी हॉयटची एक काळी गाय रमतगमत आली आणि पत्र्याच्या मागे उभी राहून रवंथ करू लागली.

हॉयटनं हॉर्न दिला. गाईनं कान हलवला. लाईलनं खिडकीतून डोकं काढून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात हॉयटच्याही दोनतीन आल्या. गाय काही ढळेना. शेवटी व्हर्ना उठली. कुंपणाच्या पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूनं नेम धरायचं तिनं ठरवलं.

तारांचं कुंपण ओलांडायचं तर आधी रायफल रिकामी करायची. इकडे पोरांना बुटाची नाडी बांधायला शिकवतात, त्याच्या आगेमागेच हे शिकवतात. त्यामुळे व्हर्ना कुंपणाशी थांबली आणि न बघताच तिनं बोल्टला हात घातला.

बोल्ट उठला, पण मागे येताना अडला. तिनं थोडा जोर केला. मग तो एकदम आला, आणि त्याच्याबरोबर पुंगळी आली. नुसती पुंगळी. तिच्या तोंडाशी गोळी नव्हती. गोळी तिकडेच आट्यांत रुतून बसली होती, आणि पुंगळीतली दारू, बारीक काळसर दाणे, सरसर करत रायफलच्या पोटात सांडली. बोल्टच्या खाचेत, चापाच्या फटीत, सगळीकडे.

ट्रकचं इंजीन हॉयटनं बंद केलं.

व्हर्नानं रायफल तिरकी करून झटकली. दाणे गवतावर पडले. पुंगळी तिनं बोटांत धरून उन्हात पाहिली, दात पडलेल्या तोंडासारखी ती पोकळ दिसत होती. मग ट्रककडे वळली.

"लाईल, वर कड्यावर हे झालं असतं तर माझ्या हातात नुसती काठी उरली असती."

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नव्हती.

लाईलला सगळं एकदम दिसलं. टेबलावर भरलेलं काडतूस झाडायचंच असतं, ते परत काढायची वेळच येत नाही. डोंगरावर उलट. तिथं माणूस दहादा भरतो, दहादा रिकामं करतो, ओढा लागला म्हणून, घसरडा उतार लागला म्हणून, एडका उठून गेला म्हणून; आणि झाडतो एकदाच. हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? छाती धड होती तेव्हा तोही त्याच कड्यांवर फिरला होता. पण टेबलाशी बसून बसून त्याचे हात डोंगर विसरले होते. कागदाला काय आवडतं तेवढंच त्यांना आठवत होतं.

हॉयटच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते त्यानं गिळलं, ट्रकच्या मागून नळी साफ करायची सळई काढली आणि व्हर्नाला दिली. तिनं सळई नळीच्या तोंडाकडून घालून हलके हलके ठोकली, तेव्हा गोळी मागे पडली. तिच्या नाकावर आट्यांचे ओरखडे उठले होते.

काचेपुढच्या पेटीकडे व्हर्नानं क्षणभरच पाहिलं. लाईलनं ते पाहणं पाहिलं.

"सकाळपर्यंत वेळ दे मला," तो म्हणाला.

ती म्हणाली, सकाळी जे खरं दिसेल ते. आणि त्याच्या मांडीवरचा कागद सरळ करून परत तिथंच ठेवला.

संध्याकाळी उजेड होता तोवर तो शेडमध्ये होता. गोळी मागे घ्यायची, म्हणजे आत खोल बसवायची, नाकापुढे आट्यांपर्यंत थोडी मोकळी जागा राहील इतकी. एक माप हललं की बाकीची मापं जुन्या भरवशावर सोडता येत नाहीत, म्हणून दारूही त्यानं जरा कमी केली. उन्हाळाभर एकेका दाण्यानं चढत जिथवर पोचला होता तिथून तो आता आपल्या पायांनी खाली उतरत होता. प्रत्येक नवं काडतूस त्यानं कप्प्यात घालून पाहिलं. ते मावलं. पण मावणं वेगळं आणि लागणं वेगळं. छिद्रांचा झुबका किती फुटेल? चार बोटं? वीतभर? आणि दारू कमी म्हणजे वेग कमी. मग लांबवर पोचलेली गोळी आत शिरताच पसरून उमलेल का? न उमलता सुईसारखी आरपार गेली, तर व्हर्नाला जी भीती होती तेच होणार. त्याच्या तोंडात त्या दोन ओळी आल्या नाहीत. दांडा खाली, दांडा वर, एवढाच आवाज होता.

शनिवारी सकाळी गवतावर हिव पडलं होतं आणि श्वासाची वाफ दिसत होती. लाईलनं नळीला हात लावून पाहिला. बर्फासारखी गार. एडक्यापुढे ती अशीच असणार, म्हणून परीक्षाही अशीच घ्यायची. एक गोळी झाडायची आणि नळी निवेपर्यंत थांबायचं. प्रत्येक गोळी पहिलीच असल्यासारखी.

पहिली गेली. दुर्बिणीतून लाईलला छिद्र दिसलं, मध्याच्या जरा डावीकडे.  हॉयटनं थर्मासमधली कॉफी ओतली, चोकचेरीचा मुरंबा लावलेली लेफ्से, बटाट्याची पातळ पोळी, गुंडाळी करून खाल्ली आणि व्हर्नाची लेफ्से लाईलच्या काडतुसांपेक्षा केव्हाही खात्रीची, असं आकाशाकडे बघत म्हणाला. दुसरी गेली. उजवीकडे, थोडी वर.  पुन्हा कॉफी, पण ती लाईलच्या हातातच गार झाली. तिसरी गेली. खाली, दोघींच्या मधोमध.

या वेळी व्हर्ना स्वतः कागद घेऊन आली. तीन छिद्रं, तीन बाजूंना, एकमेकांशी अबोला धरल्यासारखी. कालच्या कागदापुढे हा कागद दाखवायची सोय नव्हती. लाईलनं मान खाली घातली.

व्हर्नानं कागद टेबलावर पसरला आणि त्याच्यावर आपली मूठ ठेवली. तिन्ही छिद्रं मुठीखाली गेली. एकही बाहेर राहिलं नाही.

"एडक्याचं काळीज याहून मोठं असतं," ती म्हणाली.

लाईलनं वर पाहिलं. ती हसत होती. गारठ्यानं तिचं नाक लाल झालं होतं आणि डोळ्यांत तेच होतं जे जूनमध्ये पिठाच्या हातांनी धावत आली तेव्हा होतं. आता उमलते का बघू, म्हणाली.

हॉयटनं दुधाचे रिकामे प्लास्टिकचे डबे उन्हाळाभर जमवले होते. ते पाण्यानं भरून त्यानं तीनशे यार्डांवर एकामागे एक असे ओळीत लावले, आणि परत येऊन कानांत बोटं घालून उभा राहिला. व्हर्ना टेबलावर बसली नाही. चढापर्यंत झपाझप चालत गेली, पालथी पडली, पाठीवरची पिशवी पुढे घेऊन तिच्यावर रायफल टेकवली. तिची पाठ वर खाली होताना ट्रकमध्ये बसलेल्या लाईलला दिसत होती. मग पाठ थांबली. लाईलचाही श्वास थांबला. त्याच्या छातीला ते मानवणारं नव्हतं, पण विचारतं कोण.

बार झाला, आणि डबे फुटल्याच्या आवाजाआधी पाणी दिसलं. पहिला डबा जागच्या जागी फुटला आणि पाणी उसळून उन्हात असं उभं राहिलं, जसं काही कुणी मूठभर काच उधळली. दुसरा आडवा झाला, तिसरा उडाला. मग दूरवरून धप्प असा आवाज आला, आणि हॉयट या वयात, त्या गुडघ्यांनी, हुर्र करत धावत सुटला.

परत आला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि मूठ बंद होती. ती त्यानं लाईलच्या नाकासमोर उघडली. चौथ्या डब्याच्या तळाशी सापडली होती. टोकाची टणक निमुळती गोळी कुठं राहिली नव्हती. तांब्याचं फूल होतं, पाकळ्या मागे वळलेल्या, देठ शाबूत.

"आता बोल काहीतरी, म्हाताऱ्या," हॉयट म्हणाला. "एरवी तोंड बंद नसतं."

 लाईल ते फूल अंगठ्यानं फिरवत राहिला.

पण व्हर्ना अजून उठली नव्हती. तिनं कप्प्यातलं पुढचं काडतूस बोल्टनं नळीत घेतलं. काडतूस खटकन गेलं, हातानं सारावं लागलं नाही. तिनं नेम पत्र्यावर धरला. आज पत्र्याच्या मागे गाय नव्हती, वारा नव्हता, लागलं असतं यात शंका नव्हती. ती तशीच पडून राहिली. मग न झाडताच उठली आणि कुंपणाच्या दिशेनं चालू लागली.

ती कशासाठी चाललीय हे लाईलला कळलं. त्यानं ट्रकचं दार उघडलं. हॉयट म्हणाला, थांब, मी नेतो. लाईल थांबला नाही. हिवानं भिजलेल्या गवतातून तो निघाला, मध्ये एकदा गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, छातीतल्या भात्याची समजूत घातली, परत निघाला. व्हर्ना कुंपणापाशी त्याची वाट बघत उभी होती. तिनं घाई केली नाही, आणि मदतीलाही पुढे आली नाही.

तो पोचला. रायफलच्या कुशीपाशी त्यानं दोन्ही हातांची ओंजळ धरली.

तिनं बोल्ट उचलला. मागे ओढला. लोण्यातून सुरी निघावी तसा तो आला, आणि काडतूस ओंजळीत पडलं. अख्खं. पितळेच्या टोकाशी तांबडी गोळी, जागच्या जागी, नाकावर ओरखडा नाही. गार आणि जड.

लाईल त्याच्याकडे बघत राहिला. दोन ओळी आपोआप तोंडात आल्या आणि या वेळी दुसरी जरा बदलून आली.

"टोपी आधी, दारू मग, गोळीबाई, मागे सरून बघ."

व्हर्ना खळखळून हसली. त्याला ते काडतूस ठेवून घ्यायचं होतं, शेडच्या खिडकीत, त्या तांब्याच्या फुलाशेजारी. त्यानं मूठ मिटलीसुद्धा. तिनं ती एकेक बोट उकलून उघडली.

"दे इकडे," ती म्हणाली. "वर गेल्यावर हेच आधी भरणार मी."

काडतूस तिनं शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं आणि बटण लावलं. मग ट्रकशी येऊन काचेपुढची दुकानातली पेटी उचलली, हॉयटच्या हातात कोंबली आणि म्हणाली, ही तुला घे, खेचरांना खोगीर चढवायला लाग, आणि ती लेफ्से संपवली असशील तर घरी अजून आहे.